बुद्धीची प्रतवारी कोण करतो?



हा लेख इतिहासाचा आहे, पण त्याची सुरुवात सांगोल्यातल्या एका जिन्यावर झाली. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. बारावीत शिक्षण सुटलं ते सुटलंच. पुढचं जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, खोलीवर, एकट्यानं. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या एका अभ्यासिकेत बाहेरगावचे एक मार्गदर्शक आले. पदवीधर पोरांची बुद्धी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखायचं, त्याप्रमाणे गट पाडायचे आणि ज्या त्या गटाला ज्याची त्याची वाट दाखवायची, असा कार्यक्रम. मी पदवीधर नाही, म्हणून मी जिन्यावर बसलो. माझा दोस्त आत गेला. तो मांगवाड्यातला, इतिहास घेऊन बी. ए. झालेला, आणि माझ्याच पाळीला डॉफर.

दोन तासांनी तो बाहेर आला. हातात एक कागद.

"काय निघालं?" मी इचारलं.

"माझी बुद्धी अंगात हाय म्हनं. डोक्यात न्हाय."

तो हसला. मी पण हसलो. पण त्या रात्री पाळीला तो एक शब्द बोलला नाही.

कागदावर सात खाने होते. भाषेची बुद्धी, तर्काची बुद्धी, आकारांची, संगीताची, अंगाची, माणसं ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची. प्रत्येक खान्यापुढं नोकऱ्या लिहिलेल्या. तर्कवाल्यांनी बँकेची नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करावी. भाषावाल्यांनी प्राध्यापक व्हावं. अंगवाल्यांनी पोलीस भरती, सिक्युरिटी, नाहीतर हातकाम बघावं. आपल्या वस्त्यांतले चार पदवीधर आत गेले होते. चौघंही अंगवाले निघाले.

प्रश्न मी दुसऱ्या दिवशी वाचले. एका जागी बसून कंटाळा येतो का? हातानं काम करायला आवडतं का? लहानपणी घरात पुस्तकं होती का? एखाद्या वाद्याचं शिक्षण घेतलं आहे का? ज्या पोरानं सातवीपासून डाळिंबाच्या बागेत फवारणीचा पंप पाठीवर वागवला, तो यावर काय लिहिणार? आणि त्या वाद्याच्या प्रश्नापुढं दोस्तानं 'नाही' लिहिलं होतं. त्याचा बाप हलगी वाजवतो. हे पोरगं चालायच्या आधी ताल धरायला शिकलं. पण त्या शिकण्याला कुणी 'शिक्षण' म्हटलेलं त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणून 'नाही'.

त्याची बुद्धी कुणी मोजलीच नाही. त्याच्या जगण्याची नोंद झाली, आणि त्या नोंदीवर बुद्धीचा शिक्का बसला. एम. ए. चा फॉर्म त्यानं आणून ठेवला होता. तो भरायचा राहिला.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. शिकलेल्यांचे गट पाडायचं हे काम कधीपासून चाललंय? कुणी कुणाला मोजलं? आणि मोजणाऱ्याला कुणी मोजलं? वाचून जे हाती लागलं ते तुमच्यापुढं मांडतो.

१

आपल्या सांगोल्यापासूनच धरू. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले. पुढच्याच वर्षी, १७५० साली, इथं सांगोल्यात करार झाला आणि छत्रपतींच्या हातातला कारभार पेशव्यांच्या हातात गेला. शाळेच्या पुस्तकात ही एक ओळ असते. पण त्या ओळीचा अर्थ आपल्या बाजूनं कुणी लावत नाही. त्या करारानं पुण्याची सत्ता पक्की झाली. खजिना कुणाच्या हातात आणि विद्वान कुणाला म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वाड्यात ठरायला लागल्या.

पुण्यात श्रावण महिन्यात दक्षिणा वाटली जायची. ही प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. पहिल्या बाजीरावाच्या काळात ती पुण्यात आली आणि पुढं फुगत गेली. पर्वतीजवळच्या रमण्यात हजारो ब्राह्मण जमायचे. त्यांतल्या विद्वानांची परीक्षा व्हायची. वेद पाठ म्हणणारा वैदिक वेगळा, शास्त्रार्थ करणारा शास्त्री वेगळा. ज्याची जशी विद्या तशी त्याची दक्षिणा. म्हणजे बघा, विद्येचे प्रकार पाडून माणसांची प्रतवारी लावायचं सरकारी काम या मुलखात विद्यापीठाच्या शंभर वर्षं आधीपासून चालू होतं.

पण रमण्याला भिंत होती. आत कोण वैदिक आणि कोण शास्त्री, हा प्रश्न भिंतीच्या आतल्यांचा. भिंतीबाहेर जो उभा, त्याची परीक्षाच नाही. तो नापास झाला असं कुणी म्हणत नव्हतं. त्याचं नावच यादीत नव्हतं.

शेजारच्या मंगळवेढ्याला चोखोबा होऊन गेले. शेकडो वर्षं लोक त्यांचे अभंग म्हणत आले आहेत. पण त्या माणसाला त्याच्या काळानं कोणत्या खान्यात टाकलं होतं? मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला वेठीला धरलं, आणि भिंत अंगावर पडून चोखोबा गेले, असं परंपरा सांगते. आजचा तो कागद चोखोबापुढं धरला असता तरी उत्तर तेच आलं असतं. अंगाची बुद्धी. दगड उचलण्यास योग्य.

२

इंग्रज आला. १८२१ साली त्यानं दक्षिणेच्याच पैशातून पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. विद्यार्थी ब्राह्मण. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. सनातनी चवताळले. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन अर्ज करणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. दक्षिणेची वाट अशी धक्के देत देत बदलावी लागली.

१८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या एका मांगाच्या पोरीनं निबंध लिहिला. तिचं नाव मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास. महार-मांगांच्या दुःखाचा तो निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना धर्मग्रंथाला हात लावायची बंदी, त्यांचा धर्म कोणता, हा रोकडा सवाल तिनं त्यात विचारला. आता ही बुद्धी भाषेची म्हणायची, तर्काची म्हणायची, की माणूस ओळखण्याची? मला तर तिन्ही खाने तिच्यापुढं अपुरे वाटतात.

दोन वर्षांनी, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं. १८६२ साली पहिले बी. ए. झाले. रानडे, भांडारकर, मोडक, वागळे. पहिला वर्ग, दुसरा वर्ग अशी पदवीधरांची नवी प्रतवारी सुरू झाली. वीस वर्षांनी सरकारनं हंटर कमिशन नेमलं. फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन दिलं, की तुम्ही रयतेच्या घामाचा पैसा घेऊन वरच्या जातींना शिकवता आणि ते खाली झिरपेल म्हणता, पण खाली काही येत नाही.

आकडा बघायचा? १८२८ नव्हे, १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं जे निवेदन ठेवलं, त्यात १८८१-८२ सालचा हिशेब आहे. मुंबई इलाख्याच्या कॉलेजांत ब्राह्मण विद्यार्थी २४१. शेतकरी जातींचे ५. खालच्या जातींचे ०.

शून्य. मुक्ताच्या निबंधाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. हे शून्य बुद्धीचं की दाराचं? त्याच निवेदनात धारवाडची गोष्ट आहे. १८५६ साली एका महार पोरानं तिथल्या सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला. सरकारनं घेतलं नाही. एकाला आत घेतलं तर बाकीचे शाळा सोडून जातील, ही भीती. त्या पोराचं गणित कसं होतं, पाठांतर कसं होतं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

३

विसावं शतक लागलं आणि मोजायला नवी पट्टी आली. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने नावाच्या माणसानं १९०५ साली बुद्धीची पहिली चाचणी तयार केली. त्याचा हेतू चांगला होता. शाळेत मागं पडणारी पोरं हुडकायची आणि त्यांना जादा मदत द्यायची. बुद्धी जन्माची ठरलेली असते या म्हणण्याला त्यानं स्वतः १९०९ साली कडाडून विरोध केला होता. पण पट्टी एकदा तयार झाली की ती कुणाच्या हातात जाते त्यावर सगळं.

ती अमेरिकेत गेली. पहिल्या महायुद्धात सतरा लाखांच्या आसपास सैनिकांना चाचण्या दिल्या. त्या आकड्यांवर १९२३ साली ब्रिगहॅम नावाच्या प्राध्यापकानं पुस्तक लिहून गोऱ्यांच्यात कोणता वंश वरचा, काळे कसे खालचे, ते मांडलं. ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याच्या मुलखात काळ्यांना धड शाळाच नाही, त्याचा गुण कमी आला, आणि त्याला म्हणाले वंशच कमी. १९३० साली त्याच ब्रिगहॅमनं आपलं म्हणणं चुकलं असं लिहून दिलं. तोवर बाहेरच्यांना अमेरिकेत येऊ न देणारा १९२४ चा कायदा होऊन गेला होता.

आपल्याकडं व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मुंबई-कर्नाटकातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. काम मेहनतीचं आहे, परदेशी प्रश्न जसेच्या तसे न घेता आपल्या पोरांना समजतील असे केले, याबद्दल त्यांना मान द्यायला पाहिजे. पण मला धारवाडचं ते १८५६ सालचं पोरगं आठवतं. त्याच मुलखात चौऱ्याऐंशी वर्षांनी बुद्धी मोजायची पट्टी तयार झाली. ज्याला शाळेच्या पायरीवरनं हाकललं, त्याच्या नातवाला त्याच शाळेत शिकलेल्याच्या शेजारी बसवून एकाच पट्टीनं मोजायचं. पट्टी खोटी नसेल. पण दोघांच्या पायाखालची जमीन एका पातळीची नव्हती.

४

आता जे सांगतो ते वाचून मी पाळीला उशिरा पोचलो होतो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात थॉर्नडाइक नावाचे मानसशास्त्राचे मोठे प्राध्यापक होते. त्यांनी १९२० साली बुद्धीचे तीन प्रकार मांडले. एक विचारांची, अमूर्ताची बुद्धी. दुसरी यंत्राची, हाताची. तिसरी माणसांशी वागायची. गट पाडायच्या आजच्या त्या कागदाचा हा जुना चुलता.

आणि त्याच कोलंबियात जॉन ड्यूई होते, बाबासाहेबांचे गुरू. त्यांचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' १९१६ चं. त्यात त्यांनी प्लेटोला धरलं. प्लेटोनं माणसांचे तीन वर्ग केले होते. भुकेच्या मागं जाणारे ते कामकरी आणि व्यापारी, धैर्यवाले ते सैनिक, विवेकवाले ते राज्यकर्ते. ड्यूईंचा आक्षेप असा, की माणसं तीन पोत्यांत भरण्याइतकी सारखी नसतात. १९२२ साली तर त्यांनी बुद्धिचाचण्यांवरच लेख लिहिले आणि चाचणीच्या आकड्यावरून माणसाला वर्गात कोंबण्याला हरकत घेतली.

म्हणजे एकाच विद्यापीठात एक जण गट पाडत होता आणि एक जण गटाचं तळच काढत होता. बाबासाहेब दुसऱ्याच्या वर्गात बसले.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं. मंडळाला ते झेपलं नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. 'जातिनिर्मूलन' आपण सगळे वाचतो, पण त्यातलं प्लेटोचं प्रकरण घाईत ओलांडून जातो. आर्यसमाजी म्हणत होते, जात वाईट, पण गुणावर आधारलेलं चातुर्वर्ण्य चांगलं. ज्याच्या अंगी जो गुण त्याला तो वर्ण. बाबासाहेबांनी प्लेटो समोर ठेवून दाखवलं, की माणसाच्या अंगी गुण इतके आणि इतक्या परींचे असतात की त्यांना तीन-चार डब्यांत बसवताच येत नाही. आणि बसवायचं म्हटलं तर बळजबरी लागते, दंड लागतो. शंबूकाचं डोकं उगीच उडालं नाही. तो आपल्या खान्यातून बाहेर आला होता.

आता सांगोल्यातला तो कागद परत काढा. गुण बघून खाना, खाना बघून काम. चौघं वस्तीतले, चौघं अंगाच्या खान्यात. पाय शोधायला पुरुषसूक्तात जायची गरज उरली नाही. प्रश्नावली पुरते.

आणि आकड्यांवर ज्यांचा फार विश्वास असतो त्यांच्यासाठी एक आकडा. १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला ७५० पैकी २८२ गुण पडले. शंभरात अडतीसही नाहीत. त्या दिवशी कुणी गट पाडला असता तर तो पोरगा कोणत्या खान्यात गेला असता? पुढं त्यानं कोलंबियाची पीएच. डी. मिळवली, लंडनची डी. एस्सी. मिळवली आणि देशाच्या घटनेचा मसुदा केला. २८२ हा आकडा खोटा नव्हता. तो परळच्या एका खोलीत, आळीपाळीनं झोपून केलेल्या अभ्यासाचा आकडा होता.

५

तुम्ही म्हणाल, आता काळ बदलला. आता बुद्धी एक नाही, अनेक आहेत असं शास्त्र सांगतं, आणि ते तर आपल्या फायद्याचं आहे. खरं आहे, थोडं. गिलफर्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं बुद्धीचे १२० घटक मांडले. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं १९६२ पासून बुद्धिमान मुलं निवडून शिकवायचं काम हाती घेतलं, तेव्हा त्या कामाला गिलफर्डच्या मांडणीचा आधार होता. १९८३ साली हॉवर्ड गार्डनरनं सात बुद्धी सांगितल्या. तेच ते सात खाने. गार्डनरचा रोख शाळेवर होता. तुम्ही भाषा आणि गणित सोडून बाकी बुद्धीला किंमतच देत नाही, असं तो शाळांना सांगत होता. पोरांवर शिक्के मारा असं त्यानं सांगितलं नव्हतं. आणि त्याच्या सात बुद्धी खरोखर वेगवेगळ्या आहेत, हेही बरेच मानसशास्त्रज्ञ मानत नाहीत.

हलगीला संगीत म्हणणारा विचार इथं येईपर्यंत हलगी वाजवणाऱ्याच्या पोराला भरतीला पाठवणारा कागद झाला. चांगला विचारसुद्धा आपल्या गावात येताना जातीच्या वेशीतनंच येतो.

मग गट पाडूच नयेत का? गिरणीत आम्ही सूत काउंटवर मोजतो. चाळीस नंबरचं सूत वीस नंबरापेक्षा बारीक. पण वीसला कुणी खालचं म्हणत नाही. त्याचं कापड वेगळं. मात्र एक लक्षात घ्या. सुताचा नंबर मशिनवर ठरतो, किती ओढ द्यायची, किती पीळ द्यायचा त्यावर. नंबर लावून घेणारं सूत बोलत नाही. माणूस बोलतो. माणसाला विचारल्याबगर त्याचा नंबर लावायचा नसतो.

आणि गट पाडायची एक दुसरी रीत आपल्या घरातच आहे. अंगुत्तर निकायात बुद्धानं आपल्या शिष्यांची यादी सांगितली आहे. कोण कशात अग्र. प्रज्ञेत सारिपुत्त. पुष्कळ ऐकून ध्यानात ठेवण्यात आनंद. विनयात उपाली, जातीनं न्हावी. संघ आल्यागेल्याची झोपायची सोय लावायचा, त्या कामात दब्ब मल्लपुत्त अग्र. ते कामही यादीत आहे! भिक्षुणींत प्रज्ञेत खेमा. उपासिकांत बहुश्रुत म्हणून खुज्जुत्तरा, जी दासी होती. रमण्याच्या यादीत आणि या यादीत फरक काय? रमण्याची यादी कुणाला किती द्यायचं ते ठरवायची. ही यादी कुणाकडून काय शिकायचं ते सांगते.

त्याच यादीत चुल्लपंथक आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ, तोही भिक्षूच, म्हणाला, घरी जा, तुझ्यानं होणार नाही. पोरगं दारात रडत उभं राहिलं. बुद्धानं त्याला हाताला धरून परत आणलं, पांढरं फडकं दिलं आणि ते चोळत बसायला सांगितलं. फडकं मळत गेलं तसं त्याला अनित्य कळलं. पाठांतराच्या खान्यात नापास झालेला माणूस चित्ताच्या साधनेत अग्र ठरला. बुद्धानं त्याला दुसऱ्या खान्यात टाकलं नाही. दुसऱ्या वाटेनं त्याच ठिकाणी नेलं. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग भरवले, तेही हेच. तू कामकरी आहेस म्हणून तुला कामाचंच शिक्षण, असं ते म्हणाले नाहीत. तू कामकरी आहेस तर कॉलेजनं आपली वेळ बदलावी, असं म्हणाले.

६

बाबासाहेबांनीही पदवीधरांचा हिशेब केला होता. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला त्यांनी आपल्या शिकलेल्या माणसांबद्दलचं दुःख जाहीर बोलून दाखवलं. शिकून समाजाकडं परत येतील असं वाटलं होतं, ते आपापलं पोट भरत बसले. माझ्या लेखी पदवीधरांचे खरे गट हे दोनच. परत आलेले आणि न आलेले. त्याला प्रश्नावली लागत नाही.

म्हणून एक काम सुचवतो. आपापल्या वस्तीच्या वाचनालयात एक वही ठेवा. शिकलेल्या प्रत्येक पोराचं, पोरीचं नाव लिहा, आणि त्यानं स्वतः सांगितलेल्या दोन गोष्टी. मी काय शिकवू शकतो, आणि मी कुठं अडलोय. पदवी नसलेल्यांचीही नावं लिहा. हलगीवाल्या बापाचंही लिहा. बुद्धीचा रकाना ठेवू नका.

सांगोल्यात आम्ही वही घातली आहे. पहिलं नाव दोस्ताचं. काय शिकवू शकतो, यापुढं त्यानं लिहिलं, 'पेशवाईचा इतिहास'. कुठं अडलोय, तिथं बराच वेळ पेन धरून बसला आणि मग तसंच सोडलं. एम. ए. चा फॉर्म अजून कोरा आहे. शेवटची तारीख जवळ आलीय. आज रात्रपाळीच्या सुट्टीत हा लेख मी आधी त्याला वाचून दाखवणार आहे.